आत्याबाई, बंदूक आंधळी नव्हती

आत्याबाई, काल तुमची तेरवी झाली. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले, आचाऱ्याच्या चुलीची राख अजून अंगणात आहे. पंगत चालू असताना धाड गावच्या तुमच्या मावसबहिणीनं डोळे पुसत सांगितलं, "माही बाई भल्ली शांत होती वं. उभ्या जन्मात कोनाले उलटून बोलली नाई." मी पदर तोंडावर घेतला. बायांना वाटलं, सून रडून राहिली. एक जण पाठीवरून हात फिरवायला लागली. खरं सांगते, मी हसत होते.

तुम्ही आणि शांत. अमडापूरच्या बाजारात आपली वांगी-मिरची कुठं मांडली आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. तुमचा आवाज धरून चालत गेलं की माणूस बरोबर टोपल्यापाशी पोचायचा. आपण दोघी किती भांडलो त्याला गणती नाही. वरणात गूळ घालावा की नाही, पोरीचे कान कधी टोचावे, नांदुऱ्याच्या बाया आळशी असतात की नाही. मी नांदुऱ्याची, म्हणून हा शेवटचा विषय तुमचा फार लाडका. यातलं एकही भांडण धड मिटलं नाही. आणि सगळ्यात मोठं भांडण झालं ते बंदुकीच्या दोन पेचांवरून, साध्या दोन स्क्रूंवरून.

रडले नाही असं नाही. पोटभर रडले. घर असं गप्प झालं आहे की भांडं पडलं तरी बरं वाटतं. पण तुम्हाला आठवायला बसलं की आधी ती बंदूकच पुढं येते आणि मग मला हसू येतं. त्याला मी काय करू.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी जाऊन थोडेच दिवस झाले होते. त्यांना मी फोटोतच पाहिलं. मधल्या खोलीत, कणगीच्या वर, दोन खुंट्यांवर त्यांची बंदूक आडवी ठेवलेली असे, तुमच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. टू-टू बोअरची, एका वेळी एकच गोळी घेणारी विलायती रायफल. तिचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं, मागच्या कडेवर टोला बसला की उडणारं. देश सोडून जाताना कुण्या साहेबानं मामंजींना दिली, असं तुम्ही सांगायच्या. तिच्या गोळीनं रानडुकराला फार तर खाज सुटत असेल. पण मामंजी दोरीला टांगलेलं लिंबू तिनं उडवायचे आणि अख्खं गाव ते पाहायला यायचं. पुढं पुढं नेम चुकायला लागला. एका दसऱ्याला लिंबू जागचं हललंच नाही, लोक हसले, आणि मामंजींनी बंदूक खुंटीला लावली. "डोये गेले आता," एवढंच म्हणाले म्हणे. गाव म्हणायला लागलं की बंदूकच आंधळी झाली. परवाना पुढं तुमच्या लेकाच्या नावावर झाला, बंदूक मात्र तुमचीच राहिली.

खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ यांच्या पूजेत मानाची जागा तिची. पाटावर तिला डाव्या कुशीवर निजवायचं, तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, नळीतही थोडं सोडायचं, हळद, कुंकू, वरून मूठभर अक्षता आणि झेंडूची माळ. अक्षता टाकताना तुम्ही काहीतरी पुटपुटायच्या. मी एकदा विचारलं, कोणता मंत्र आहे. "कायचा मंतर? त्यायच्याशी बोलतो मी," तुम्ही म्हणालात. "तुले काय कराचं हाये?"

मग चीनच्या लढाईनंतरचा तो हिवाळा आला. बुलडाण्याला बंदूक शिकवायचे वर्ग निघाले. तुमचा भास्कर, म्हणजे आमचे हे, नव्या गोष्टीला हुरळणारा माणूस. पहिल्याच दिवशी नाव घालून आला. बायांचाही वर्ग होता, पण बाया काही येईनात. शिकवणारे हवालदारसाहेब फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी पुरुषांना सांगून टाकलं की ज्याच्या घरची बाई येईल त्यालाच पुढच्या रांगेत जागा. हे घरी येऊन मला म्हणाले, "चाल माह्यासंगं." मी मॅट्रिक झालेली, पण लग्नानंतर चूल, मळा आणि बाजार यापलीकडं कुठं गेलेली नव्हते. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही मिरच्या निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "जाय. दोघं गेले तं एकजन तरी काई शिकून येईन."

शिकले मीच. हवालदारसाहेबांनी माझा नेमाचा कागद साऱ्या वर्गाला फिरवून दाखवला, आणि ह्यांनी तो दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा पाहिला. मग साहेबांनी जाहीर केलं की संक्रांत झाली की बायांची नेमबाजी होईल, आणि जिचा नेम पहिला येईल तिला शाळेतल्या मुलींचा शनिवारचा वर्ग शिकवायला देतील.

आत्याबाई, ते ऐकलं तेव्हाच ठरलं. मला तो वर्ग हवा होता. दागिना, लुगडं, काही म्हणजे काही मी आयुष्यात असं मागितलेलं मला आठवत नाही. दर शनिवारी एसटीत बसायचं ते कुणाची सून म्हणून नाही, कुणाची बाई म्हणून नाही, शिकवणारी म्हणून. अडचण एकच होती. वर्गाच्या बंदुका घासून घासून गुळगुळीत झालेल्या, आणि त्यातल्याही उरल्यासुरल्या बायांच्या वाट्याला. ज्यांच्या घरी आहे त्यांनी आपली आणावी, असं ठरलं.

तुमच्यापुढं उभं राहायला मला दोन दिवस लागले. तुम्ही ऐकून घेतलंत, सुपारी कातरलीत, तोंडात टाकलीत. "ने," म्हणालात. "पन जितं काई मारायचं नाई. पाया पडल्याबिगर हात लावायचा नाई. आन एकबी पेच खोलायचा नाई. त्यायच्या हातानं कसलेले हायेत ते."

दुसऱ्या दिवसापासून मळ्यात आपला तमाशा सुरू झाला. विहिरीपलीकडच्या उंच बांधाला पत्र्याचा तुकडा टेकवला, त्याला चुना फासला, मधे काजळाचा ठिपका. अलीकडं सरकीनं भरलेलं पोतं. त्यावर बंदूक टेकवून मारायचं, म्हणजे हाताच्या थरथरीचा दोष राहत नाही. साहेबांनी शिकवलेली रीत अशी की पाच गोळ्या एकाच ठिपक्यावर मारायच्या, आणि मधे काही म्हणजे काही बदलायचं नाही. पाची छिद्रं एका जागी पडली पण ठिपक्यापासून दूर, तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, थोडी सरकवली की भागलं. छिद्रं पांगली तर मात्र दुखणं बंदुकीत असतं, नाहीतर मारणाऱ्यात.

तुम्ही पहाऱ्याला म्हणून अलीकडच्या बांधावर बाजूला येऊन बसलात. जवळची सुई तुम्हाला ओवता यायची नाही, पण लांबचं असं दिसायचं की शेजारच्या शिवारातल्या गाईच्या कपाळावरचा चांद सांगाल. चुना उडालेली जागा तुम्ही बसल्या जागेवरून टिपायच्या. माझ्या पहिल्या पाच गोळ्या झाल्या. तुम्ही डोळ्यावर हात धरून पाहिलंत आणि जाहीर केलंत, "भोपया."

म्हणजे पाची छिद्रं झाकायला भोपळा लागेल इतकी पांगलेली. तिथून आपलं मापच ते ठरलं. ह्यांनी मारलं तेव्हा भोपळाही पुरेना.

"बंदूकच खराब हाये, आई."

"नाचता येईना, आंगन वाकडं. तुहा बाप याच बंदुकीनं लिंबू पाडे."

"मंग तवा आंगन सरय असन," हे म्हणाले आणि ढेकूळ चुकवायला खाली वाकले.

आधी नळी धुतली. उकळतं पाणी ओतलं, मग रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी सळईला बांधून आत घातली. निघालं काय, तर कितीतरी वर्षांचं तिळाचं तेल, घट्ट आणि काळं, तव्याच्या बुडासारखं. "पूजेचं तेल हाये ते, नालीत नोको फेकू, तुयशीत टाक," तुम्ही म्हणालात. रॉकेल मिसळलेलं तेल तुळशीत टाकते तर तुळस गेलीच असती. मी ते कण्हेरीच्या बुडाशी ओतलं. कण्हेर वाळली आणि तुम्ही उन्हाळाभर उन्हाला शिव्या दिल्या. पण भोपळ्याचं वांगं झालं. भरताचं वांगं, मोठं.

मग गोळ्यांचं पाहिलं. मामंजींच्या वेळची काडतुसं डब्यात होती, त्यातली काही फुसकी निघत, काही दणकून जात. ती बाजूला ठेवली आणि अकोल्याहून नवी मागवली, दोन तऱ्हेची. एका तऱ्हेची आपल्या बंदुकीला मानवली, दुसरीनं पुन्हा भोपळा दाखवला. गोळी तीच, माप तेच, मग असं का, म्हणून हे डोकं खाजवत बसले. तुम्ही म्हणालात, "तुह्या बापाले हरबऱ्याची दाय मानवे, तुरीची नाई. तवा त्यायले कोनं विचारलं काऊन म्हनून?" मानवली ती गोळी धरली आणि भरताच्या वांग्याचं भरल्या भाजीचं वांगं झालं. त्या दिवशी तुम्ही मला दही-भाकर स्वतःच्या हातानं वाढलीत, आणि नांदुऱ्याच्या बायांबद्दल काही बोलला नाहीत.

पण लिंबू काही होईना. तिथंच गाडं अडलं. सकाळी गारव्यात मारलं की पाची गोळ्या शहाण्यासारख्या एका जागी. ऊन चढलं की एकेक डावीकडं सरकत जायची, जसा हट्टी बैल नांगराचं तास सोडून बांधाकडं ओढतो. हे म्हणायचे मी थकते. मी म्हणायचे, मग तुम्ही मारून दाखवा. तुम्ही दोघांनाही मूर्ख म्हणायच्या.

शेवटी मी हवालदारसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नळी लाकडाला कुठंतरी रेटत असेल. लाकूड उन्हानं आवळतं आणि नळीला ढकलतं. पातळ कागद घ्या, नळी आणि लाकूड यांच्या फटीत घाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला पाहिजे." माझ्याजवळ पातळ कागद म्हणजे परतीच्या एसटीचं तिकीट. घरी आल्या आल्या ओट्यावर बसून ते फटीत घातलं. डाव्या बाजूनं निम्म्यावर जाऊन अडलं. उजव्या बाजूनं तर शिरलंच नाही.

"पेच खोलावे लागतील, आत्याबाई."

"नाई."

"दोनच आहेत."

"एक असो का दोन असो. त्यायचा हात हाये तिथी. तो बी मोडून टाकला तं माह्यापाशी काय राह्यते?"

"दिवस राहिले नाहीत आता. माझा वर्ग जाईल."

"तुहा वर्ग आन माहा नवरा एका तागडीत टाकून राह्यली काय?"

"हो, टाकते. गेलेल्या माणसाच्या पेचाला या घरात एवढी किंमत. मी तुमच्यापुढं जिवंत उभी आहे, माझी काहीच नाही का?"

मी बोलले ते बरोबर बोलले, असं मला आजही वाटतं. तुम्हीही मला चूक म्हणाला नाहीत. तुम्ही बोलणंच सोडलंत. ताटात भाकरी पडायची, शब्द पडायचा नाही. मी चुलीपाशी उभी, तुम्ही दारात, आणि मधे बिचारे हे. "भास्कर, सांग तिले, मीठ सरलं." "सांगा आत्याबाईंना, आणून ठेवलंय." ह्यांनी दोनदा निरोप पोचवले आणि तिसऱ्यांदा मळ्यात झोपायला निघून गेले.

एका दुपारी मी मिरच्यांचं टोपलं घेऊन घरी आले, तर तुम्ही ओट्यावर बसलेल्या. बंदूक मांडीवर, हातात पोती शिवायचं दाभण, आणि शेजारी ते तिकीट, पार चुरगळलेलं. माझ्या मागं तुम्ही स्वतः कागद सरकवून पाहत होतात. मला पाहून तुम्ही तळहात पुढं केलात. त्यावर एक दाणा होता. तांदळाचा, कुंकवानं लाल, तेलानं चिकट.

"फटीतून निंगाला," तुम्ही म्हणालात. त्या भांडणानंतर माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मग म्हणालात, "शिलाई मशीनचा पेचकस आन."

पहिला पेच तुम्ही काढलात. दुसरा मला काढायला लावलात. नळी उचलली आणि आपण दोघी वाकून पाहत राहिलो. लाकडाच्या खोबणीत उजव्या अंगाला कुंकू, तेल आणि तांदूळ यांचा थर बसला होता, भिंतीला लिंपण करावं तसा. साऱ्या खंडेनवम्या तिथं होत्या. बंदूक डाव्या कुशीवर निजवलेली, उजवी फट वर आलेली, आणि त्यात दर वर्षी वरून अक्षता. नळीला डावीकडं रेटत होती ती तुमची पूजा.

तुम्ही बोटानं तो थर चाचपून पाहिलात.

"म्हंजे मीच," तुम्ही म्हणालात. "त्यायच्या बंदुकीले मीच आंधयं केलं."

काहीतरी करायचं म्हणून मी डावी कड खरवडायला घेतली. तिथं पेचकसाला मऊ लागलं. कातड्याचा पातळ तुकडा होता, सुरीनं नीट कापून बरोबर त्या जागी बसवलेला. मला काही कळेना. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, उलटा केलात, नाकाशी नेलात.

"माह्या वहानेची वादी हाये हे."

"इथं कशी आली?"

"याच्यापायी मी मोत्याले मारलं होतं. म्हटलं कुत्र्यानं खाल्ली." तुम्ही अंगठ्यानं वादी चोळलीत. मग हळूच म्हणालात, "त्यायनं खोलली होती बंदूक. त्यायले माईत होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामंजींनी केव्हातरी नळी उचलून तुमच्या अक्षता पाहिल्या होत्या. त्या त्यांनी काढल्या नाहीत. तुमची वादी कापून समोरच्या बाजूला बसवली, नळी परत मधे यावी म्हणून, आणि पेच कसून टाकले. पण पुढल्या वर्षी आणखी मूठभर, त्याच्या पुढल्या वर्षी आणखी. वादी किती पुरणार? नेम गेला, लोक हसले, आणि त्यांनी ठपका आपल्या डोळ्यांवर घेतला.

"डोये गेले म्हने," तुम्ही म्हणालात. "मरेस्तोवर बिगर चष्म्यानं पेपर वाचला त्या मानसानं. जाहिरातीसकट." आणि तुम्ही हसायला लागलात. पदर डोळ्याला लावलेला, खांदे हलताहेत, मधेच हुंदका, परत हसणं. मलाही आवरेना. शेजारीण डोकावून गेली, तिला वाटलं असेल सासू-सुनेला एकदमच वेड लागलं. "एक डाव बोलाले काय झालं होतं?" तुम्ही म्हणत होतात. "म्हनलं असतं, अक्षदा नोको टाकू, तं मी काय खाल्लं असतं काय त्यायले?" मग थांबून स्वतःच उत्तर दिलंत. "खाल्लंच असतं."

तांदळाचा एकेक दाणा तुम्ही दाभणानं काढलात. खोबणी पुसलीत. मी वादीला हात घातला तर मनगट धरलंत. "ते राहू दे. तांदूय माहे होते, काढले. हे त्यायचं हाये."

मी राहू दिलं. पेच कसले आणि आपण मळ्यात गेलो. आता उजवीकडून रेटणारं कुणी नव्हतं, डावीकडून वादी तेवढी उरली होती. ऊन चढलं तशा गोळ्या उजवीकडं सरकायला लागल्या. हे माझ्या कानाशी म्हणाले, "सांग तिले." मी नाही म्हटलं. एकदा मी तुमच्याशी भांडले होते, तेव्हा पेच म्हणजे नुसते पेच होते. आता ती वादी काय आहे ते मी पाहिलं होतं. कोणत्या तोंडानं मागू? आणि सांगायची गरजही नव्हती. तुम्ही बांधावर बसून सगळं पाहत होतात. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही कोणत्याच भाजीचं नाव घेतलं नाही.

नेमबाजीच्या दिवशी आपण तिघं पहिल्या गाडीनं निघालो. हिरव्या लुगड्यातली बंदूक तुमच्या मांडीवर आडवी. कंडक्टरनं विचारलं, "माय, हे काय हाये?" तुम्ही म्हणालात, "माहा नवरा." तो बिचारा पुढं सरकला आणि उतरेपर्यंत आपल्याकडं पाहिलं नाही.

माझा नंबर उशिरा लागला. ऊन चांगलं वर आलं होतं. चिखली-खामगावच्या बाया चांगल्या मारून गेल्या होत्या. मला आधी चाचणीच्या गोळ्या मिळाल्या. कागद आणून हातात दिला, तर छिद्रं उजवीकडं, आणि एकीपासून दुसरी लांब लांब जाणारी. हवालदारसाहेब म्हणाले, "थोडा डावीकडं नेम धरा." किती थोडा, ते ऊन ठरवणार होतं. मी कागद धरून उभी राहिले. मला दिसत होतं की वर्ग गेला.

तेवढ्यात तुम्ही दोरीखालून वाकून आत आलात.

"माय, इकडे येता येत नाही," साहेब म्हणाले.

"माही बंदूक हाये. मले येता येते."

कमरेच्या चंचीतून तुम्ही पेचकस काढलात. म्हणजे तो घरून आणला होता. तुम्ही ठरवूनच निघाल्या होत्या, की सारी वाट मांडीवर बंदूक घेऊन ठरवत होतात, ते मी कधी विचारलं नाही. साहेबांनी बंदूक रिकामी आहे ना ते तपासलं आणि मग पाठ वळवून उभे राहिले. तुम्ही खाली बसलात, पेच काढलेत, नळी उचललीत. वादी बोटानं सोडवलीत, क्षणभर मुठीत धरलीत आणि चंचीत सुपारीशेजारी ठेवलीत. पेच मी कसले.

"आता मार," तुम्ही म्हणालात आणि दोरीपलीकडं जाऊन उभ्या राहिलात.

साहेबांनी चाचणीच्या आणखी गोळ्या दिल्या, मी माशी जराशी सरकवली, आणि मग खऱ्या पाच मारल्या. त्या वेळी मला काय वाटत होतं ते आठवत नाही. कागद आला तो आधी साहेबांच्या हातात. ते बघत राहिले. तुम्ही लांबून, कुणी काही बोलायच्या आत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडलात, "बोर!"

लिंबाची आशा धरली होती आणि बोर झालं. एका बोराखाली पाची छिद्रं. माझा नेम पहिला आला. साहेबांनी मला मुलींच्या वर्गाचं सांगितलं तेव्हा हे टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही शेजारच्या बाईला, मामंजी याहून चांगलं मारायचे, हे पटवून देत होतात.

ते भांडण शेवटपर्यंत राहिलं. मामंजींचा नेम चांगला की माझा. मी म्हणायचे, बोर लिंबापेक्षा लहान असतं. तुम्ही म्हणायच्या, "तू अक्षदा काढून मारतं. ते अक्षदासकट मारत होते." याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि आता ऐकायलाही तुम्ही नाही.

त्यानंतरचे शनिवार सगळे तुम्ही सांभाळलेत. पहाटे भाकर बांधून दारात उभ्या राहायच्या. पोरगी तापली होती तेव्हाही तिला मांडीवर घेऊन मला बाहेर काढलंत. "डाक्टर हाये काय तू? नाई ना? मंग जाय." संध्याकाळी परत आले की एकच प्रश्न, आज कोण चुकलं. मी पोरींची नावं सांगायची, तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण कुणाचं कोपर हलतं आणि कुणाचा डोळा मिचकतो, सारं तुम्हाला पाठ. यातलं कशाचंही मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आपल्याकडं सासूला कोण असं बोलतं? पाया पडायचं, झालं. पण आज म्हणते. मला दुसरी आई मिळाली होती आणि ती पहिलीपेक्षा जास्त भांडायची.

एकच गोष्ट त्या दिवशी मी विचारली. परतीच्या गाडीत हे पुढं बसून झोपले होते. बंदूक तुमच्या मांडीवर, एक हात चंचीवर. मी म्हटलं, "आत्याबाई, वादी काऊन काढली? माशी सरकवून पाहिलं असतं मी." हे खोटं होतं आणि तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत होतात. तोंड न वळवता म्हणालात, "ते गेले, पोरी. तू हायेस."

उद्या शनिवार आहे. सकाळपासून बाया सांगून राहिल्या की घरातली मोठी बाई गेली, सुनेनं वर्षभर बंदुकीला हात लावू नये, लोक काय म्हणतील. हे माझ्याकडं पाहतात. भाकर मलाच बांधावी लागेल, पोरीला ह्यांच्याजवळ सोडावं लागेल, आणि संध्याकाळी आल्यावर कोण चुकलं ते सांगायला दारात कुणी असणार नाही. त्याचं फार वाईट वाटतं, आत्याबाई. पण तुम्ही गेलात आणि मी आहे. पोरी वाट पाहत असतील. मी पहिल्या गाडीनं जाते.